आधी एक्सक्लूजनची यादी उघडा

ग्राहकाचे मशीन दुरुस्तीच्या टेबलावर आले की स्कॅन लावण्याआधी विंडोज सिक्युरिटीत जाऊन एक्सक्लूजनची, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची, यादी पाहा. घरगुती मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी, पण बऱ्याचदा ती नसते. कुठे डाउनलोड्सचे फोल्डर घातलेले असते, कुठे एखाद्या ॲक्टिव्हेटरचे, तर कुठे सरळ अख्खा सी ड्राइव्ह. ही नोंद ग्राहकाने केलेली नसते. अशी काही यादी असते हेच त्याच्या गावी नसते. ती आपल्यापैकीच कोणीतरी केलेली असते. फॉरमॅट मारला, विंडोज टाकले, ॲक्टिव्हेटर चालवताना विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस डिफेंडर आडवा आला म्हणून त्याला बाजूला सारले आणि काम उरकले. मग जाता जाता त्याच मशीनवर वर्षभराचा अँटीव्हायरसही विकला.

हे मागचे दार काढून ठेवून पुढच्या दाराचे कुलूप विकण्यासारखे आहे. म्हणून घरच्या कॉम्प्युटरसाठी कोणता अँटीव्हायरस घ्यावा, या विषयावर व्यावसायिकांशी बोलायचे तर सुरुवात इथूनच करायला हवी. कंपन्यांची नावे नंतर येतील.

२०१८ पासून फैलावलेला स्टॉप ऊर्फ डीजेव्हीयू हा रॅन्समवेअर आपल्यापैकी अनेकांनी हाताळला आहे. मोठ्या कंपन्या त्याच्या वाटेवर नव्हत्याच. तो घरच्या मशीनवर यायचा आणि मुख्यतः क्रॅक, की-जनरेटर, ॲक्टिव्हेटर यांच्या पोटातून यायचा. प्रत्येक फोटोच्या नावापुढे चार अनोळखी अक्षरे, प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी'ची चिठ्ठी, आणि चिठ्ठीत ९८० डॉलरची मागणी, तीन दिवसांत संपर्क केल्यास निम्मी. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्टने उलगडा करणारे साधन मोफत दिले. त्याने जुन्या अवतारांतल्या फायली सुटतात, आणि नव्या अवतारांत ऑफलाइन की वापरली गेली असेल तर काही सुटतात. ऑनलाइन कीने बंद झालेले लग्नाचे फोटो मात्र बंदच राहतात. ज्या घरांत हे घडले त्यांतल्या कित्येक घरांत अँटीव्हायरस होता. क्रॅक चालवायला तो दहा मिनिटे थांबवला होता, एवढेच.

आता चित्र आणखी वाईट आहे, कारण चोर आवाजच करत नाही. रेडलाइन, लुमा यांसारखे स्टीलर फायली कुलूपबंद करत नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, चालू लॉगिनच्या कुकीज आणि कार्डांचे तपशील गोळा करून ते काही मिनिटांत निघून जातात. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ मध्ये लुमावर कारवाई केली तेव्हा १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत जगभरातली ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज मशीन त्याने बाधित केल्याचे सांगितले. तोही क्रॅकमधून येतो. शिवाय 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' म्हणत विंडोज आणि आर ही बटणे दाबायला लावणाऱ्या, आणि पाठोपाठ काहीतरी पेस्ट करायला लावणाऱ्या खोट्या पानांवरूनही येतो. दुसऱ्या दिवशी ग्राहक 'मेल हॅक झाला' म्हणत मशीन घेऊन येतो, आपण स्कॅन लावतो, काही सापडत नाही आणि 'मशीन क्लीन आहे' म्हणून परत देतो. मशीन क्लीन असेलही, पण पासवर्ड गेलेले असतात. अशा वेळी दुसऱ्या उपकरणावरून पासवर्ड बदलायला लावणे आणि प्रत्येक खात्यातून 'सर्व ठिकाणी साइन आउट' करून घेणे हे खरे काम आहे. पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार लगेच नोंदवायला सांगावे. ही कामे अँटीव्हायरसच्या कुठल्याही बॉक्समध्ये येत नाहीत.

क्रॅक टाकला नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, हे उत्तर आम्हाला ठाऊक आहे. ते खोटेही नाही. पण इंजिनिअरिंगच्या मुलाला ऑटोकॅड हवे असेल तर ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ते मोफत देते, वर्षाला नूतनीकरण करावे लागते इतकेच. पत्रे लिहिणाऱ्या आणि सोसायटीचा हिशेब ठेवणाऱ्या काकांना लिब्रेऑफिस पुरते. हे सांगायला पाच मिनिटे लागतात आणि त्याचे पैसे मिळत नाहीत, अडचण तिथे आहे. त्याकडे शेवटी येऊ.

आता निवडीकडे. २०१२ मध्ये विंडोज ८ आले तेव्हापासून अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो. 'अँटीव्हायरस नसेल तर मशीन उघडे पडेल' हे आपले जुने वाक्य तेव्हापासून खरे उरलेले नाही. सुरुवातीला डिफेंडर चाचण्यांत तळाला असायचा, त्यामुळे ते वाक्य काही वर्षे खपून गेले. आता जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या एव्ही-टेस्ट या प्रयोगशाळेत संरक्षण, वेग आणि वापर यांचे प्रत्येकी ६ असे १८ गुण असतात, आणि डिफेंडर त्यांतले पूर्ण १८ अनेकदा घेतो. पैसे देऊन घ्यायचे नावाजलेले अँटीव्हायरसही तेवढेच घेतात. त्यामुळे साडेसतरा आणि अठरा यांतल्या फरकावर ग्राहकाला भाषण देऊ नये. बॉक्सवर छापलेल्या पुरस्कारांवर तर मुळीच देऊ नये.

पण याच चाचण्या बारकाईने वाचल्या तर विकण्याजोगे खरे मुद्दे सापडतात. ऑस्ट्रियातली एव्ही-कंपॅरेटिव्ह्ज इंटरनेट चालू आणि बंद अशा दोन्ही अवस्थांतली पकड वेगवेगळी मोजते. डिफेंडर क्लाउडवर बराच विसंबून असल्याने इंटरनेट नसताना त्याची पकड ठळकपणे घसरते, हे तिथे पुन्हा पुन्हा दिसले आहे. बिटडिफेंडरसारख्यांची तितकी घसरत नाही. पुण्यातल्या फायबर कनेक्शनच्या फ्लॅटमध्ये या फरकाला किंमत नाही. तालुक्याच्या गावी मशीन दिवसचे दिवस ऑफलाइन असते, मोबाइलचा हॉटस्पॉट गरजेपुरताच लागतो आणि झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह ये-जा करतो. तिथे हाच फरक निर्णायक ठरतो. शॉर्टकट व्हायरस अजून जिवंत आहे तो अशाच पेनड्राइव्हवर. त्या घराला बॉक्स विकायला कसलाही संकोच नको.

दुसरा मुद्दा ब्राउझरचा. मायक्रोसॉफ्टची स्मार्टस्क्रीन एजमध्ये नीट काम करते, क्रोममध्ये गूगलची स्वतःची व्यवस्था असते. सगळ्या ब्राउझरमध्ये एकसारखी, खोट्या बँक-पानांना अडवणारी चाळणी हवी असेल तर चांगल्या सशुल्क उत्पादनाचा उपयोग होतो. आणि तिसरा मुद्दा आम्हाला सर्वांत वजनदार वाटतो. मुलगा-सून परदेशी आणि इथे दोघेच वयस्कर, अशा घराला शोधदरात अर्धा टक्का सरस असलेल्या इंजिनापेक्षा फोन उचलून मराठीत बोलणारा माणूस अधिक कामाचा. स्क्रीनच्या कोपऱ्यात 'तुमचा अँटीव्हायरस संपला, ताबडतोब पैसे भरा' असे लाल खोके उमटते ते बहुतेक वेळा कुठल्याशा संकेतस्थळाला चुकून दिलेली नोटिफिकेशनची परवानगी असते. ती काढायला अर्धे मिनिट लागते. पण ते सांगणारे कोणी नसेल तर आजोबा त्या खोक्यातल्या नंबरवर फोन करतात, मग पलीकडचा माणूस एनीडेस्क टाकायला सांगतो.

देशी कंपन्यांचे बळही याच सेवेतून आले. पुण्याच्या मंगळवार पेठेत कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलाश काटकर दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरांत व्हायरस पाहत होते. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी प्रोग्रॅम लिहिला, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात डॉसवर चालणारे क्विक हील बाजारात आले. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. म्हणजे हे उत्पादन जन्मले तेच आपल्यासारख्याच्या टेबलावर, आणि वाढले तेही गावोगावच्या दुकानदारांच्या खांद्यावरून. त्याचा अभिमान जरूर असावा. पण अभिमान हा शिफारशीचा निकष नव्हे. देशी असो वा विदेशी, दरवेळी ताजा चाचणी-अहवाल पाहावा आणि चार जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर तो स्वतः चालवून बघावा. जुन्या हार्ड डिस्कवर जड सूट टाकला की मशीन हँग होते, मग ग्राहक तो बंद करतो. अशा मशीनवर आधी एसएसडी टाकावी, अँटीव्हायरसचे नंतर बघावे.

फुकटच्या अँटीव्हायरसबद्दल मात्र आता हात आखडता घ्यावा. डिफेंडर येण्याआधी त्यांची गरज होती, आज त्यांच्यातून वेगळे काय मिळते ते सांगणे कठीण आहे. अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली. नॉर्टनने २०२१ मध्ये अविरा घेतली आणि २०२२ मध्ये अवास्टही पदरात पाडून घेतली. ही चारही नावे आता जेन डिजिटल या एकाच घरातली आहेत, त्यामुळे 'अवास्ट काढून अविरा टाकतो' या सल्ल्यात पूर्वीइतका अर्थ उरला नाही. वापरकर्ते कुठल्या पानांवर जातात याची माहिती अवास्ट आपल्या जंपशॉट या उपकंपनीमार्फत विकत होती, हे २०२० च्या जानेवारीत उघड झाले. २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने त्यापायी १ कोटी ६५ लाख डॉलर वसूल केले. कॅस्परस्कीचे प्रकरण वेगळे आहे. त्याच्या पकडीबद्दल वाद नाही, तरी रशियन मालकीच्या कारणाने अमेरिकेने २०२४ मध्ये त्याची विक्री बंद केली. भारतात तशी बंदी घातलेली नाही. पण त्या सप्टेंबरात अमेरिकी ग्राहकांच्या मशीनवरून कॅस्परस्की जाऊन अल्ट्राएव्ही नावाचा अनोळखी अँटीव्हायरस आपोआप बसला आणि लोक चक्रावले. अँटीव्हायरसला मशीनवर सर्वोच्च अधिकार असतात. त्याचा मालक कोण आणि उद्या कोण असेल, हा प्रश्न ग्राहक विचारत नसला तरी तो आपण विचारायचा असतो. (या अंकातही अँटीव्हायरसच्या जाहिराती आहेत. त्या वाचतानाही विचारावा.)

विंडोज १० चे काय, हे रोज विचारले जाते. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला. घरगुती ग्राहकाला नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-अपडेट मिळवता येतात, त्याला मायक्रोसॉफ्ट खाते लागते. डिफेंडरच्या व्याख्या ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत, आणि इथेच गफलत होते. व्याख्या येतात म्हणजे विंडोजमधली भोके बुजतात असे नव्हे. वॉनाक्राय १२ मे २०१७ ला पसरला, आणि त्याने वापरलेले भोक बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. ज्यांनी ते घेतले त्यांच्या मशीनवर तो त्या वाटेने शिरू शकला नाही, अँटीव्हायरस कोणता का असेना. म्हणून 'अपडेट बंद करून द्या, मशीन स्लो होते' ही ग्राहकाची फर्माईश मोडून काढलीच पाहिजे. विंडोज ७ ची मशीन अजून येतात. त्यांवर नवी की विकणे सरळ नाकारावे.

राहिला पैशांचा प्रश्न. बॉक्सवरचे मार्जिन ऑनलाइन विक्रीने कधीच खाल्ले आहे. ते भरून काढायला तीन युजरची एक की तीन घरांत वाटणे आणि नोंदणी दुकानाच्या मोबाइलवर करणे हे प्रकार सर्रास चालतात. की ग्राहकाच्याच नंबरवर आणि मेलवर नोंदवा. नाहीतर दुकान बदलले की त्याचे रिन्यूअल अडते आणि बोल आपल्याला लागतो. त्याऐवजी बिलावर एक वेगळी ओळ सुरू करावी, 'सुरक्षा तपासणी' म्हणून. एक्सक्लूजनची यादी साफ करणे, टॅम्पर प्रोटेक्शन आणि नको असलेल्या ॲप्सना अडवणारी सेटिंग चालू करणे. मुदत संपलेला अँटीव्हायरस त्याच्याच रिमूव्हल टूलने काढून डिफेंडर जागा झाला का ते पाहणे. त्याची खात्री ६८ अक्षरांच्या आयकार चाचणी-फाइलने ग्राहकासमोरच करता येते, आणि ती फाइल पकडली गेलेली पाहून ग्राहकाचा विश्वास बसतो. रोजच्या वापरासाठी ॲडमिन नसलेले साधे खाते. फोटोंचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, आणि बॅकअप झाल्यावर ती डिस्क काढून कपाटात.

दर काय लावावा हे गावागणिक ठरेल. आमचा आग्रह एवढाच की तो बॉक्सच्या मार्जिनपेक्षा कमी नसावा आणि ग्राहकाने बॉक्स घेतला नाही तरी लागावा. अँटीव्हायरस विकला तरच आपले पोट भरत असेल, तर 'तुम्हाला याची गरज नाही' हे वाक्य आपल्या तोंडून निघणार नाही.