निमंत्रण कीं आमंत्रण ?

शीळफाट्याच्या रस्त्याची ओळख आमच्या वाचकांस करून देण्याचें कारण नाहीं. कल्याणचा रस्ता आणि मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा रस्ता येथें एकमेकांस भेटतात, आणि सायंकाळीं येथें अडकलेलीं वाहनें निरोप घेण्याचें नांव काढीत नाहींत. अशा ठिकाणीं कोणाकडे अक्षत घेऊन येणें म्हणजे एक सुटी खर्ची घालणेंच होय. म्हणून कल्याणच्या चुलतभावाकडील लग्नाची व्हिडिओ पत्रिका मोबाइलवर आली, तेव्हां आम्हीं तिला नांवें ठेवलीं नाहींत. सनईचे सूर, वधूवरांचीं छायाचित्रें, कार्यालयाचा नकाशा. सारें नीटनेटकें होतें.

घरांतील ऐंशी वर्षांच्या काकूंनीं ती दोनदां पाहिली आणि विचारलें, “सगळं पाहिलं, पण बोलावलंय कुठं?”

या प्रश्नाचें उत्तर व्याकरणांत सांपडतें. पाणिनीनें लिङ् लकाराचे अर्थ सांगतांना ‘निमंत्रण’ व ‘आमंत्रण’ हे दोन निराळे गणिले आहेत. टीकाकार म्हणतात कीं, श्राद्धाच्या भोजनास दौहित्रास बोलवावयाचें तें निमंत्रण. तेथें येणें आवश्यक. येणें न येणें जेथें पाहुण्याच्या इच्छेवर, तें आमंत्रण. एका बोटानें दोनशें जणांस जाणारी पत्रिका हें आमंत्रण झालें. ज्यांच्यावांचून मांडव रिता वाटेल, त्यांस निमंत्रणच पाहिजे.

सन २०२० च्या साथींत विवाहास पन्नासांहून अधिक पाहुणे बोलावण्यास मनाई होती. त्या दिवसांत मोबाइलवरील पत्रिकेनें अनेकांची लाज राखली. आतां ती मनाई उरली नाहीं. तेव्हांची सबब आज कशी चालावी?

दुसरीही एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नोव्हेंबर २०२४ मध्यें हिमाचल प्रदेशच्या पोलिसांनीं इशारा दिला कीं, लग्नपत्रिकेच्या मिषानें अनोळखी क्रमांकावरून ‘एपीके’ फाइली येतात, आणि त्या उघडल्यास मोबाइलमधील माहिती चोरांच्या हातीं जाते. मंगलकार्य म्हटलें कीं वडील माणसें निःशंकपणें ती उघडणार ! तेव्हां पत्रिका धाडण्यापूर्वीं दोन शब्द बोलावे. त्यानें चोरही दूर राहतो आणि माणूसही जवळ येतो.

आमची सूचना इतकीच : देवापुढें ठेवण्यापुरत्या व वडीलधाऱ्यांच्या हातीं देण्यापुरत्या पत्रिका छापाव्या, परदेशींच्या व दूरच्या मंडळींस व्हिडिओ खुशाल पाठवावा, जवळच्या चार घरीं मात्र पायांनींच जावें.

काकूंचा प्रश्न आम्हीं चुलतभावास कळविला. पुढच्या रविवारीं तीं उभयतां आलीं; रस्त्यांत त्यांचे दोन तास गेले होते. काकूंच्या हातीं अक्षता पडल्या. लग्नास कोणतें लुगडें नेसावयाचें, याचा खल त्याच रात्रीं सुरू झाला.