रजेचं कारण : दमले

मागच्या महिन्यात एका रविवारी मी घरी चक्क खोटं बोलले. ‘प्रशिक्षण आहे, यायला संध्याकाळ होईल’ असं सासूबाईंना सांगून सकाळी आठला बाहेर पडले, मैत्रिणीच्या खोलीवर गेले आणि झोपले. दुपारी उठून तिने केलेली खिचडी खाल्ली आणि पुन्हा झोपले. संध्याकाळी घरी आले तर सासूबाईंनी चहा पुढे केला. ‘सुट्टीच्या दिवशीही राबवून घेतात गं तुम्हाला,’ म्हणाल्या. तो चहा घशाखाली उतरेना.

मी एम.एस.डब्ल्यू. झालेली, बारा वर्षं वस्तीत काम करणारी कार्यकर्ती. ‘बाईने स्वतःसाठी वेळ काढला पाहिजे’ या विषयावर मी किती शिबिरं घेतली असतील याची गणती नाही. माझा नवरा मारकुटा नाही, सासू छळवादी नाही. मग एवढं नाटक कशासाठी? तर ‘आज मी काही करणार नाही, मी दमले आहे’ हे वाक्य बोलायला आमच्या घरात जागाच नाही. तुमच्या घरात आहे का, मैत्रिणींनो? ऑफिसचं काम चालतं, देवाचं काम चालतं, माहेरचं आजारपण चालतं, आपलं डोकं दुखणंही एखाद्या वेळेस चालून जातं. नुसतं दमणं चालत नाही. म्हणून आपण सबबी शोधतो, त्याही गोड शब्दांत, कुणाला लागणार नाही अशा बेताने. आणि विश्रांती घेतो ती चोरासारखी.

माझ्यासारखीचं खोटं निदान खपून जातं. आमच्या वस्तीतल्या घरकाम करणाऱ्या बायांचं काय? त्यांच्या सुट्टीला कुणी सुट्टी म्हणत नाही, ‘खाडा’ म्हणतात. खाडा झाला की पगार कापायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी ढीगभर भांडी तिच्यासाठी राखून ठेवायची. वर विनोद करायचा, ‘आमच्या बाईची सासू यंदा तिसऱ्यांदा वारली!’ हा विनोद मी स्वतःला स्त्रीवादी म्हणवणाऱ्या बायकांच्या बैठकीतही ऐकला आहे, आणि खरं सांगायचं तर हसलेही आहे. आमच्या गटातल्या एकीने एकदा खरं सांगून पाहिलं, ‘ताई, उद्या येत नाही, पाय भरून आलेत.’ उत्तर आलं, ‘आम्हाला काय पाय नाहीत?’ पुढच्या वेळी तिने गावाकडच्या चुलत्याला मारलं. सुट्टी बिनबोभाट मिळाली. तिला खोटं बोलायला कुणी शिकवलं?

हाच ‘खाडा’ शब्द ऊसतोडीच्या फडातही आहे. तिथे कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, खाडा पडला की मुकादम दंड लावतो. मग बाईची पाळी असो की पोटदुखी. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली शासनाच्या समितीने चौकशी केली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. याला कारणं अनेक आहेत, डॉक्टरांनी घातलेल्या भीतीपासून. पण खाडा परवडत नाही, हेही कारण त्या बाया स्वतःच्या तोंडाने सांगत होत्या. एक दिवस आडवं पडायची सोय नाही म्हणून पोटातला अवयव काढून टाकायचा, इथवर हे प्रकरण जातं. तेव्हा विश्रांती ही सुखवस्तू बायकांची चैन आहे, असं निदान आपल्या चळवळीत तरी कुणी म्हणू नये.

इथे हमखास कुणीतरी म्हणतं, ‘अहो, पूर्वीच्या लोकांनी याचा विचार केला होता. चार दिवस बाईला बाजूला बसवत, तेवढीच विश्रांती!’ हा युक्तिवाद बायकाही करतात याचं वाईट वाटतं. त्या चार दिवसांत चूल सुटायची, पण कष्टकरी बाईची खुरपणी कुठे सुटत होती? आणि जिची सुटली, तिची तरी कशाच्या नावावर? दमलीस म्हणून नव्हे, विटाळ आहे म्हणून. स्वतःला अपवित्र म्हणवून घेऊन मिळालेल्या झोपेला मी विश्रांती म्हणणार नाही. तीही सबबच, फक्त समाजाने आयती तयार करून दिलेली.

विश्रांती मागण्याची लाज कष्टकऱ्यांच्या चळवळीला कधी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे गिरणी कामगार आठवड्याच्या सुट्टीसाठी लढले. २४ एप्रिल १८९० च्या सभेत दोन कामगार बायाही उभ्या राहून बोलल्या, आणि १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली. पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला, तेव्हा पगारवाढीबरोबर भरपगारी सुट्टीही मागितली. यांतल्या कुणी सासूला मारलं नाही. पण रविवारी गिरणी बंद राहिली, चूल चालूच राहिली. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बायांची घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेलेली दिसतात, पुरुषांची ८८. तीही घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीच. जे उठून पाण्याचा तांब्याही घेत नाहीत, ते या सरासरीत नाहीतच.

काही मैत्रिणी म्हणतील, ‘सबबीने निदान झोप तरी मिळते. खरं बोलून भांडण कशाला ओढवून घ्यायचं?’ जिचं काम जाईल, जिला मार बसेल, तिने खुशाल सबब सांगावी. तिच्या हातात तेवढंच आहे. पण प्रत्येक सबबीबरोबर आपण एक नियम मान्य करत असतो, की बाईने थांबायचं तर तिला सबळ कारण हवं, आणि ते सबळ आहे की नाही हे दुसरा कुणीतरी ठरवणार. कारण तपासून जी मिळते ती मेहेरबानी, हक्क नव्हे. म्हणून ज्यांना खरं बोलणं परवडतं, त्यांनी आधी बोललं पाहिजे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ज्यांच्या हातात रजा देणं आहे त्यांनी कारण विचारणं थांबवलं पाहिजे. त्यांत आपणही आलो, कारण आपल्याही घरी कामाला बाई येते.

आणि आपल्या संस्थाही आल्या. आमच्या संस्थेच्या रजेच्या अर्जात ‘कारण’ असा रकाना आहे. वस्तीवर काम करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांचे अर्ज माझ्याकडे येतात. त्या रकान्यात ‘घरगुती अडचण’ लिहिलं की ‘कसली अडचण?’ म्हणून मीच खोदून विचारत आले. परवा माझ्या स्वतःच्या अर्जात मी लिहिलं, ‘दमले.’ अर्ज परत आला, त्या शब्दासमोर लाल शाईने प्रश्नचिन्ह करून. मी दुसरं कारण लिहिलेलं नाही. तो रकानाच काढून टाकावा असा ठराव पुढच्या बैठकीत मांडणार आहे. तो नापास झाला तर पुन्हा मांडीन.

घरीही सांगून टाकलं. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘मी दर मंगळवारी देवीला जायचे ना, ती काय देवीसाठी जात होते? देवळामागं सावलीत जरा टेकता यायचं.’

तीस वर्षं त्यांनी देवीला पुढे केलं. मी प्रशिक्षणाला केलं. माझ्या मुलीला कुणालाच पुढे करावं लागू नये. येत्या रविवारी आम्ही दोघी दुपारी चार वाजेपर्यंत झोपणार आहोत, आणि तसं घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.