पांढऱ्या टोपीखालचा कामगार

बारावीचे निकाल लागले की हॉटेल व्यवस्थापन शिकविणाऱ्या संस्थांच्या जाहिराती झळकू लागतात. त्यांत उंच पांढरी टोपी घातलेला हसतमुख तरुण हमखास असतो. या शिक्षणाची देशातील पहिली संस्था १९५४ साली मुंबईत निघाली. स्वयंपाकाला व्यवसायाची प्रतिष्ठा मिळाली, हे स्वागतार्हच आहे. तथापि टोपीला मिळालेली प्रतिष्ठा तिच्याखालच्या कामगाराला मिळाली काय?

कामाच्या तासांचेच पाहावे. हॉटेलांत ज्याला ‘ब्रेक शिफ्ट’ म्हणतात तीत स्वयंपाकी सकाळी अकराला येतो, साडेतीनला मोकळा होतो, सातला पुन्हा भट्टीपुढे उभा राहतो आणि साडेअकराला सुटतो. मधल्या वेळात विरार-कल्याणचे घर गाठून परतणे अशक्य. तेव्हा तो बागेत किंवा कोठीतल्या पोत्यांवर अंग टाकतो. मजुरीच्या हिशेबी काम नऊ तासांचे, आयुष्यातून गेले साडेबारा! महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने विश्रांतीसह कामाचा दिवस साडेदहा तासांत बसविला खरा. परंतु तुटक कामासाठी बारा तासांची सवलतही ठेवून दिली.

उष्णतेचीही तीच कथा. कामाच्या जागी हवा व तापमान सुसह्य राखण्याची जबाबदारी १९४८ च्या कारखाना अधिनियमाने मालकावर टाकली होती. १९७६ च्या दुरुस्तीने मात्र ‘कारखाना’ या व्याख्येतून हॉटेले व उपाहारगृहे स्पष्ट शब्दांत वगळली गेली. तंदुरापुढे उभ्या राहणाऱ्याचा घाम जणू वेगळ्या जातीचा!

याहून गंभीर गोष्ट म्हणजे कायद्याची क्रमशः माघार. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमात कामगारसंख्येची अट नव्हती. तो लागू असलेल्या शहरांत एकट्या आचाऱ्यालाही त्याचे संरक्षण होते. २०१७ च्या अधिनियमाने दहाची अट घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती वीसवर नेण्यास आणि रोजचे काम नऊवरून दहा तास करण्यास मंजुरी दिली. पंचतारांकित हॉटेलांना याची झळ थोडी. पण नाक्यावरच्या उपाहारगृहात आचारी, वाढपी आणि मोरीवरचा पोऱ्या मिळून वीस माणसे कोठून भरणार?

छोट्या मालकाची अडचण खोटी नाही. जागेचे भाडे आणि घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या कंपन्यांचे कमिशन भागविताना त्याच्या हाती फारसे उरत नाही. परंतु भाडे आणि कमिशन कमी करून घेण्याची त्याची ताकद नसते. दबतो तो पगारच. शिवाय अनेक कामगारांचे राहणे-जेवणे हॉटेलातच, म्हणजे नोकरीबरोबर छप्परही जाते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत हे उघडे पडले. राज्यातील उपाहारगृहांत बसून खाण्यास पुन्हा परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबर २०२० पासून. तोवर कित्येकांनी गाव गाठले होते.

संख्येची अट रद्द करावी आणि ब्रेक शिफ्टमधला मधला वेळ कामाच्या तासांत धरावा, या दोन मागण्या कामगार संघटनांनी तातडीने हाती घेण्याजोग्या आहेत. त्यासाठी कार्यकर्त्यांना गाठ घ्यावी लागेल ती दुपारी साडेतीन ते सात या वेळेत, बागेतल्या बाकांवर.