आखाड्यावरच्या मोतीला थंडी वाजत नाही?

‘कुत्र्याला कसली आलीय थंडी! देवानं अंगावर केस दिलेत की!’ पिंगळीत काय अन् परभणीत काय, पौष लागला की हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. थंडी मात्र आपली साधीसुधी नाही. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची नोंद पेपरात येते, तेव्हा परभणी बऱ्याचदा राज्यातल्या सगळ्यात गार गावांत असते. २०१८च्या डिसेंबरअखेर तर पारा पाच अंशांच्याही खाली गेला होता. आपण गोधडीवर रग ओढतो आणि आखाड्यावरचा मोती साखळीला, उघड्यावर, रात्रभर!

गावठी कुत्र्याचे केस असतात आखूड. ते आपल्या उन्हासाठी बरे, दहिवरासाठी नाहीत. मोकळं कुत्रं कडब्याच्या गंजीत, चुलीच्या राखेत शिरून आपली सोय बघतं. बांधलेल्यानं काय करावं? म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, राखणीला कुत्रं बांधायचं तर वाऱ्याला आडोसा द्यायलाच हवा. खर्च तरी कितीसा? एक जुनी फळी, त्यावर गव्हाचं काड आणि वर पोतं. नुसत्या शहाबादीवर पोतं टाकून भागत नाही, फरशी खालून गारठते. दवानं ओलं झालेलं पोतं तर नसलेलं बरं; रोज उन्हात टाका. आणि राखेत विस्तव नाही ना, तेही बघा. झोपेत पोटाची कातडी भाजते.

फिरवायचं म्हणाल, तर पहाटे पाचचा हट्ट सोडा. ऊन पडल्यावर निघालं तर काय बिघडतं? या दिवसांत धुकं असतं, त्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. काळं कुत्रं ड्रायव्हरला दिसायचं कसं? दोरी हातात असू द्या. म्हातारं कुत्रं उठताना लंगडत असेल, तर त्याला ओढत नेऊ नका. सांधे धरलेले असतात. घरातली तापाची किंवा अंगदुखीची गोळी तर मुळीच देऊ नका, जिवावर बेतते. गावाजवळ परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथं विचारा.

चंपाषष्ठीला आपण खंडोबाच्या कुत्र्याला घास काढतो. चांगलंच आहे. फक्त कांदा-लसणाचं भरीत त्याला नको, कांद्यानं कुत्र्याचं रक्त कमी होतं. कोरडी भाकरी ताकात कुस्करून द्या की!

खरा जीव तुटतो तो पिल्लांसाठी. आपल्याकडच्या कुत्र्या बऱ्याचशा पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात आणि दोन महिन्यांनी, ऐन थंडीच्या तोंडावर, नळकांड्यात नाही तर पडक्या भिंतीआड वितात. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. आई असेल तर हात लावू नका, आडोसा तेवढा करा. आई मेलेली असेल आणि पिल्लू गार पडलेलं असेल, तर आपण घाईनं दूध पाजतो. तिथंच चुकतं. गारठलेल्या पोटाला दूध पचत नाही. आधी फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीशी ठेवा, अंग उबदार झालं की मगच दूध.

यावर शेजारीण म्हणते, ‘तुम्ही जगवा, अन् ती आमच्या लेकरांना चावू द्या!’ तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचा रोग एकदा अंगात दिसू लागला, की माणूस वाचत नाही म्हटलं तरी चालेल. चावलं तर हळद-चुना नको. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पण पिल्लं थंडीनं मरू देणं हा त्यावर उपाय नव्हे. पुढच्या वर्षी तीच कुत्री पुन्हा विते.

२०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस हे काम स्थानिक संस्थांकडे दिलं आहे. आपण भाकरी टाकतो, पण हा विषय काढत नाही, कारण ग्रामसभेत बायांनी कुत्र्यांबद्दल बोलायचं म्हणजे हसू होईल असं वाटतं. होऊ द्या! २६ जानेवारीच्या ग्रामसभेला चार जणी मिळून जा, ज्यांची लेकरं शाळेत चालत जातात त्यांनाही सोबत घ्या, आणि गावात लसीचं शिबिर कधी लावता ते विचारा. उत्तर लेखी मागा.