प्लस-मायनसच्या भांडणात खरे प्रश्न बाजूलाच

2001-02च्या सुमारास कोरी डीव्हीडी विकत घेताना पाकिटावरचं चिन्ह डोळे फाडून वाचावं लागे. ‘आर’च्या आधी अधिकचं चिन्ह आहे की आडवी रेघ? चुकीची चकती घरी नेली, तर रायटर तिच्यावर काही लिहायला तयार होत नसे. दोन्हींचा आकार सारखा, क्षमताही जवळपास तेवढीच, 4.7 जीबी.

‘मायनस’ची डीव्हीडी पायोनिअरने 1997 मध्ये आणली. तिला डीव्हीडी फोरम या उद्योगसंघटनेचं पाठबळ होतं. सोनी आणि फिलिप्स या संघटनेचे मूळ सदस्य. तरीही एचपी, रिको, यामाहा अशा कंपन्यांना सोबत घेऊन त्यांनी वेगळी चूल मांडली. त्यांची पुन्हा पुन्हा लिहिता येणारी ‘प्लस आरडब्ल्यू’ 2001 मध्ये बाजारात आली, एकदाच लिहिता येणारी ‘प्लस आर’ 2002 मध्ये. गंमत म्हणजे प्लसचे पहिले रायटर घेणाऱ्यांना ही नवी प्लस आर लिहिताच येईना.

तांत्रिक फरक होता, नाही असं नाही. लिहिताना लेसर नेमका कुठे आहे हे कळण्यासाठी मायनसमध्ये खोबणींच्या मधल्या पट्टीवर बारीक खुणा असतात. प्लसमध्ये तोच पत्ता खोबणीच्या नागमोडी वळणांत भरलेला असतो. पण घरी बारशाची चित्रफीत पाहणाऱ्याला याने काय फरक पडणार?

तिसरा भिडू डीव्हीडी-रॅम. ती लाखभर वेळा लिहिता येते, असा दावा होता; आरडब्ल्यू चकत्यांसाठी हा आकडा हजाराच्या आसपास सांगितला जाई. मात्र टीव्हीखालच्या बहुतेक प्लेअरना रॅम वाचता येत नसे.

2002 मध्येच सोनीने प्लस आणि मायनस असे दोन्ही प्रकार लिहिणारा रायटर बाजारात आणला. पुढे असे रायटर सर्रास झाले आणि चिन्हाचा वाद संपला. एका यंत्रात दोघी सुखाने नांदू शकत होत्या, तर गिऱ्हाइकाला आधी एक बाजू निवडायला लावणं हा निव्वळ कंपन्यांचा हट्ट होता.

या गदारोळात कामाच्या गोष्टी सांगायच्या राहून गेल्या. आरडब्ल्यू चकतीवरून प्रकाश कमी परावर्तित होतो, म्हणून काही जुने प्लेअर तिला दुहेरी थराची चकती समजून अडतात. काही प्लेअर अनोळखी प्रकार दिसताच तोंड फिरवतात. त्यांच्यासाठी प्लस चकतीवर ‘मी छापील डीव्हीडी आहे’ अशी नोंद करायची सोय काही रायटरमध्ये होती. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे रेकॉर्डिंग झाल्यावर चकती ‘फायनलाइज’ केली नाही, म्हणजे तिच्यावरचं लिखाण पूर्ण करून बंद केलं नाही, तर ती दुसऱ्या प्लेअरवर बहुधा चालत नाही.

लग्नाच्या, मुंजीच्या अशा चकत्या आजही घरोघरी कपाटात आहेत. एकदाच लिहायच्या चकतीतलं सेंद्रिय रंगद्रव्य उष्णतेने आणि उन्हाने खराब होतं. शिवाय नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हच नसतो. चिन्ह कोणतंही असो, यूएसबीचा बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह मिळवा, चकत्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा. एखादी चकती वाचलीच जात नसेल, तर फेकण्याआधी ती ज्या रेकॉर्डरवर भरली त्यात घालून फायनलाइज झाली आहे का, एवढं तपासा.