‘स्थिरचित्र’ स्थिर कशासाठी?

चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांनी आपल्या समाजात एक समज पक्का रुजवला आहे. टेबलावर तांब्या, वांगे आणि चुण्या पडलेले फडके मांडावे, त्यांचे हुबेहूब चित्र काढावे, म्हणजे स्थिरचित्र झाले! ही केवळ हात बसवण्याची इयत्ता. खरी कला व्यक्तिचित्रात आणि प्रसंगचित्रात, असे रसिक म्हणवणारी मंडळीही बिनदिक्कत सांगतात. या मताचा स्पष्ट शब्दांत प्रतिवाद होणे आवश्यक आहे.

अमेरिकन चित्रकार स्टुअर्ट डेव्हिस (१८९२–१९६४) यांचे उदाहरण घ्यावे. १९२१ मध्ये त्यांनी सिगारेटचे पाकीट आणि १९२४ मध्ये मुखशुद्धीच्या औषधाची बाटली हे चित्रविषय केले. पुढे १९२७-२८ मध्ये त्यांनी विजेचा पंखा, रबरी हातमोजा आणि अंडी फेटण्याचे यंत्र या तीन वस्तू टेबलावर चक्क खिळ्यांनी ठोकून बसवल्या आणि सुमारे वर्षभर त्याच रंगवल्या. त्यातून ‘एग बीटर’ ही चार चित्रांची मालिका सिद्ध झाली. वस्तू जखडलेल्या, परंतु चारही चित्रे परस्परांहून भिन्न. रंगांचे सपाट पृष्ठ, कोन आणि अंतरे यांची मांडणी प्रत्येक वेळी नवी.

येथे आक्षेप येतो, की वस्तू ओळखूच येत नसतील तर त्या मांडायच्या कशाला? उत्तर सरळ आहे. वस्तू हलल्या असत्या, तर चित्रांतील फरकाचे श्रेय त्यांच्याकडे गेले असते. त्या खिळल्यामुळे प्रत्येक फरकाची जबाबदारी चित्रकाराच्या दृष्टीवर येऊन पडली. ही मनमानी नव्हे, स्वतःवर घातलेले कठोर बंधन आहे.

दुसरा आक्षेप अनुकरणाचा. पिकासो आणि ब्राक यांच्या घनवादाचे ऋण निर्विवाद आहे. नव्या युरोपीय कलेचे दर्शन डेव्हिस यांना १९१३ च्या न्यूयॉर्कमधील आर्मरी शोमध्ये घडले होते. तथापि ही मालिका त्यांनी १९२८ मध्ये पॅरिसला जाण्यापूर्वी हाती घेतली, आणि तिच्यातील वस्तू कारखान्यात घडलेल्या, आपल्या काळातल्या आहेत. उसनवारी करणारा वर्षभर एकाच टेबलाशी झुंजत बसत नाही.

डेव्हिस हे जॅझ संगीताचे निस्सीम चाहते होते, हेही येथे लक्षात घ्यावे. बंदिश तीच असूनही आजचा यमन कालच्यासारखा नसतो, याला ग्वाल्हेर-इंदूरकडचा श्रोता गवयाचे सामर्थ्य म्हणतो. मग चित्रकाराकडूनच हुबेहूबपणाचा दाखला का मागावा?

आपल्या चित्रकला-शिक्षकांना एवढीच विनंती, की तांब्या आणि वांगे खुशाल मांडावे. परंतु विद्यार्थ्याकडून त्याच मांडणीची चार निरनिराळी चित्रे मागावीत, आणि गुण चौथ्या चित्राला द्यावेत.