माननीय महापौर, सिलवानची घरे पाडू नका

माननीय महापौर,
यरुशलेम महानगरपालिका,
यांस,

जुन्या शहराच्या दक्षिण तटाखाली, किद्रोनच्या घळीच्या दोन्ही अंगांना सिलवान पसरले आहे. महाराष्ट्रातले ख्रिस्ती यात्रेकरू तिथे येतात ते शिलोहाचे तळे पाहायला. हिज्कीया राजाने खोदवलेल्या बोगद्यातल्या पाण्यातून चालतात आणि बसमध्ये बसून पुढच्या ठिकाणी जातात. ज्या गावातून ते गेले, त्या गावात हजारो अरब कुटुंबे राहतात आणि ती तुमच्या महापालिकेला घरपट्टी भरतात. म्हणून हे पत्र तुम्हाला.

गीहोनच्या झऱ्याचे पाणी बोगद्यातून तळ्यात आणि तळ्यातून खालच्या मळ्यांत जायचे. त्या मळ्यांचा भाग म्हणजे अल-बुस्तान. सिलवानच्या बायका तिथली भाजी डोक्यावर घेऊन चढ चढायच्या आणि शहरात विकायच्या. पाऊस भरपूर झाला की घळीतली बीर अय्यूब ही विहीर ओसंडून वाहायची आणि ते पाणी पाहायला सारे शहर, सर्व धर्मांचे लोक, जेवणाचे डबे घेऊन खाली उतरायचे. 1880 साली बोगद्यातला प्राचीन हिब्रू शिलालेख सापडला, तोही पाण्यात खेळणाऱ्या मुलांना. आज तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे.

याच गावाच्या उतारावर 1880च्या दशकात येमेनहून आलेले गरीब ज्यू राहू लागले. 1929च्या दंगलीत त्यांच्या बचावाला सिलवानचे अरब शेजारी उभे राहिले. 1938 साली, अरब उठावाच्या धामधुमीत, त्या ज्यूंना घरे सोडावी लागली. तो त्यांच्यावर झालेला अन्यायच होता. आम्हा मराठी माणसांना ज्यू शेजार नवा नाही. अलिबागची इस्रायल आळी आणि तिथले सिनेगॉग आजही आहे; त्या शेजाऱ्यांपैकी बरेच 1948 नंतर तुमच्या देशात गेले. तेव्हा येमेनी ज्यूंचे दुःख मी हलके लेखत नाही.

पण त्या दुःखाचा आज जो वापर होतो आहे, तो मला मान्य नाही. तुमच्या देशाचा 1970चा कायदा सांगतो की पूर्व यरुशलेममध्ये 1948 पूर्वी ज्यूंची असलेली मालमत्ता परत मागता येईल. त्याच्या आधारे बत्न अल-हवा या सिलवानच्या भागात जुन्या येमेनी ट्रस्टच्या नावाने दावे चालले आहेत. ट्रस्टचा कारभार आता वसाहती वसवणाऱ्या संस्थेशी जोडलेल्या लोकांच्या हाती आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या पॅलेस्टिनी कुटुंबांच्या हातात घर खाली करण्याच्या नोटिसा आहेत. आता उलट बाजू पाहा. 1948च्या युद्धात शहराच्या पश्चिम भागातून, कतामोन आणि तालबियातून, जे अरब परागंदा झाले, त्यांची घरे 1950च्या कायद्याने सरकारजमा झाली. त्यांना आणि त्यांच्या नातवंडांना ती परत मागता येत नाहीत. एकाच शहरात झालेले नुकसान एकाला भरून मिळते, दुसऱ्याला नाही.

हे कायदे संसदेचे, महापालिकेचे नव्हेत, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. मग जे तुमच्या हातात आहे त्याकडे वळतो: बांधकाम परवाना.

1967 साली इस्रायलने युद्धात जिंकलेला सुमारे 70 चौरस किलोमीटर भाग महापालिकेच्या हद्दीत ओढला. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने पूर्व यरुशलेमच्या जेमतेम 13 टक्के जमिनीवर पॅलेस्टिनींना बांधकामाची मुभा आहे, आणि त्यातली बहुतेक जागा आधीच भरलेली. पोराचे लग्न झाले की वर एक खोली चढवावी लागते. परवाना मिळत नाही, म्हणून ती बेकायदा ठरते. पाडकामाचा आदेश आल्यावर पालिकेचे यंत्र आले तर त्याचा खर्चही घरमालकाच्याच माथी. तो वाचवायला माणसे स्वतःचे घर स्वतःच्या हाताने पाडतात. भाऊबंद बोलावतात, घण आणतात आणि आपणच विटा लावलेली भिंत खाली घेतात. महापौर, हे तुमच्या शहरात घडते.

गाव सोडून जाणेही सोपे नाही. पूर्व यरुशलेमच्या बहुसंख्य पॅलेस्टिनींकडे इस्रायली नागरिकत्व नाही, फक्त कायम वास्तव्याचा परवाना आहे, आणि आपले जगणे याच शहरात आहे हे सिद्ध करता आले नाही तर तोही जातो. 1967 पासून 14 हजारांहून अधिक जणांचा गेला आहे. म्हणून घरोघरी फायली असतात: घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिले, पाण्याची बिले, मुलांचे शाळेचे दाखले. पावती हरवली तर गाव हरवण्याची भीती.

अल-बुस्तानमध्ये 2005 साली 88 घरांवर टांगती तलवार आली, कारण तिथे ‘राजाची बाग’ नावाचे उद्यान करायचे आहे. 2010 साली महापालिकेने 22 घरे पाडून बाकीची वाचवण्याची योजना मांडली. रहिवाशांनी स्वतःचे वास्तुरचनाकार लावून पर्यायी आराखडा दिला होता, तो फेटाळला गेला. पाडकाम मात्र सुरू राहिले. फेब्रुवारी 2024 मध्ये या लढ्यातल्या एका प्रमुख कार्यकर्त्याचेच घर जमीनदोस्त झाले. शेजारच्या उतारावरच्या ‘दाविदाचे नगर’ या प्राचीन स्थळाचे पर्यटन एलाद ही खासगी संस्था चालवते, आणि ती त्याच वस्तीत ज्यू कुटुंबे वसवते. अशा वेळी नवी बाग कुणासाठी, हे सिलवानच्या माणसाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. समोरच्या टेकडीवरून पाहिले की घरांच्या भिंतींवर प्रचंड डोळे रंगवलेले दिसतात. आम्ही पाहतो आहोत, एवढेच त्या डोळ्यांना सांगायचे आहे.

तुमच्या शहराने बॉम्बस्फोट आणि चाकूहल्ले सोसले आहेत, माणसे धास्तावलेली आहेत, हे मी जाणतो. पण भाजीच्या मळ्यात पोराबाळांसाठी बांधलेली खोली पाडून कुणाची धास्ती कमी झाल्याचे मला ठाऊक नाही. बागेला जागा हवी असेल तर घरे राखून जेवढी होईल तेवढी करा.

माझी मागणी मर्यादित आहे. अल-बुस्तानच्या पाडकामाचे सर्व आदेश थांबवा. रहिवाशांचा आराखडा पुन्हा टेबलावर घ्या, त्यांच्या प्रतिनिधींसमोर त्याची जाहीर सुनावणी ठेवा आणि उभ्या घरांना परवाने द्या. संसदेकडे त्यासाठी जावे लागणार नाही. तुमच्या नियोजन समितीच्या पुढच्याच बैठकीत याची सुरुवात होऊ शकते.

कळावे,

महाराष्ट्रातील एक नागरिक